अण्णांचा बहात्तरचा दुष्काळ आणि तुमचा आलेख

आदरणीय ताई,

मी लातूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. घरी कोरडवाहू शेती आहे, सोयाबीन आणि तूर. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पंचाहत्तरीला आलेत आणि अजून रोज शेतात जातात. माझ्या नवऱ्याला कामासाठी जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर पडतात, म्हणून आम्ही इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं आणि घरावर सोलर बसवायचं ठरवलं. अण्णांनी मोडता घातला. म्हणाले, "वीज परळीच्या कोळशाचीच ना? मग धूर इथं नाही तर तिथं. आणि बहात्तरला कुठं होता तुमचा हवामान बदल? पूर्वी ओझोनला भोक पडलं म्हणून घाबरवायचे, त्याचं काय झालं? अमेरिकेनं धूर सोडायचा अन् शहाणपण आम्हाला." मी त्यांना तापमानाचे आलेख दाखवले. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हवामान बदलामुळेच, हेसुद्धा ते मानायला तयार नाहीत. त्या दिवशी नणंदेच्या सासरची माणसं आली होती. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून गेलं, "अण्णा, तुम्हाला यातलं विज्ञान कळत नाही." तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांना कसं पटवू? की गप्प बसू?

— एक सून, लातूर जिल्हा

गप्प बसू नका. पण आलेख घेऊन पुन्हा त्यांच्यासमोर बसण्याआधी त्यांची माफी मागा. विज्ञानाबद्दल नाही, बोलण्याबद्दल. "अण्णा, व्याह्यांसमोर मी तसं बोलायला नको होतं," एवढंच म्हणा आणि तिथं थांबा. पुढे "पण" आला की ती माफी राहत नाही, वाद पुन्हा सुरू होतो. नवऱ्याकरवी निरोप पाठवू नका. तुम्ही बोललात, तर तुम्हीच जा. आणि हे फक्त घरात शांतता राहावी म्हणून मी सांगत नाही. "तुम्हाला कळत नाही" हे वाक्य मुळात खरं नाही. अण्णांच्या बोलण्यात कळण्यासारखं आणि ऐकण्यासारखं बरंच आहे. तुम्ही त्यांचं सगळं बोलणं "विज्ञान न मानणारा माणूस" या एकाच खात्यात टाकलंत.

आधी २०१६ चं बोलू, कारण तिथं तुमच्यापेक्षा अण्णा सत्याच्या जास्त जवळ आहेत.

त्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. त्याआधी शहरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली होती. मांजरा धरण आटलं होतं. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला होता, आणि २०१५ ला एल निनोही (प्रशांत महासागराचं पाणी तापून आपला पाऊस घटतो ती घटना) जोरात होता. हे सगळं खरं. पण पाऊस कमी पडणं आणि चार-पाच लाख वस्तीच्या शहराचे नळ कोरडे पडणं, या दोन गोष्टींच्या मधे माणसांनी घेतलेल्या निर्णयांची मोठी रांग उभी आहे. महाराष्ट्रात ऊस पिकाखालच्या जमिनीच्या जेमतेम चार टक्क्यांवर आहे आणि सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून जास्त वाटा तो पितो. मराठवाड्यासारख्या तुटीच्या भागात साखर कारखान्यांना परवाने मिळत गेले. बोअर खोल खोल जात राहिले. शहराला पाणी कुठून येणार याचा विचार टंचाई आल्यावर सुरू झाला. तापमान अजिबात वाढलं नसतं तरी या धोरणानं लातूर कधी ना कधी तहानलंच असतं.

म्हणून "हे हवामान बदलामुळेच" असं म्हणू नका. त्यातला "च" काढून टाका. हा नुसता नेमकेपणाचा हट्ट नाही. प्रत्येक आपत्तीचं बिल हवेवर फाडलं की पाणीवाटपाचे निर्णय ज्यांनी घेतले ते मोकळे सुटतात. अण्णांना नेमका याचाच राग असणार. आयुष्यभर त्यांनी हेच पाहिलं असेल, की चूक वरच्यांची आणि बोल मात्र निसर्गाला. तुमचा आलेख पाहिल्यावर तुम्हीही वरच्यांचीच बाजू घेताय असं त्यांना वाटलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

आता बहात्तर. अण्णा तेव्हा वीस-बावीस वर्षांचे असतील. त्या दुष्काळात माणसांनी खडी फोडली, नालाबंडिंगच्या आणि पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली, बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, सुकडीवर पोरं जगवली. त्या कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ ला तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ च्या देशव्यापी कायद्याला तिचाच आधार मिळाला. धोरण लोकांच्या गरजेतून कसं घडतं याचा यापेक्षा चांगला दाखला आपल्याकडे मला तरी दिसत नाही, आणि अण्णा त्याचे साक्षीदार आहेत. त्यांच्याशी बोलताना तुम्ही यातलं काही विचारलंत का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही.

जुनी माणसं म्हणतात, बहात्तरला विहिरीला पाणी होतं पण घरात दाणा नव्हता, आणि आता रेशनला दाणा आहे पण विहिरीला पाणी नाही. दोन दुष्काळ एकसारखे नव्हते, हे या बोलण्यातच आलं. तुमचा मुद्दा इथूनच पुढे नेता येतो. बहात्तरला दुष्काळ पडला हे हवामानशास्त्राविरुद्ध जात नाही. तेही एल निनोचं वर्ष होतं. दुष्काळ, पूर, गारपीट पूर्वीही होतीच, आणि कुठलाही शास्त्रज्ञ ते नाकारत नाही. प्रश्न एवढाच आहे की त्यांचं प्रमाण आणि स्वरूप बदललंय का.

याचं उत्तर शोधायला परदेशात जावं लागत नाही. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात जवळजवळ तिपटीनं वाढल्या. गंमत अशी की त्याच पट्ट्यात पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र घटलेला दिसतो. म्हणजे पाऊस भरपूर नाही, पण पडतो तेव्हा झोडपतो, आणि मधे खंड पडतो. यामागचं कारण तुम्ही अकरावीच्या मुलांना शिकवत असाल. हवा एक अंशानं तापली की तिची बाष्प धरायची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यात तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारं बाष्प मिळतं.

हे अण्णांना सांगायला जाऊ नका, विचारायला जा. तुमच्या तरुणपणी पेरणी कुठल्या नक्षत्रात व्हायची? मृगाचा भरवसा किती होता? झडीचा पाऊस किती दिवस चालायचा, आणि तशी झड शेवटची कधी पाहिली? हस्ताच्या पावसावर ज्वारी कशी यायची? दुबार पेरणीची पाळी किती वेळा यायची? पन्नास वर्षं आभाळाकडे बघून पेरणी करणाऱ्या माणसाकडे जी नोंद आहे ती तुमच्या मोबाइलमधल्या आलेखात नाही. तिचा आणि आलेखाचा मेळ बसतो का ते दोघांनी मिळून पाहा. काही ठिकाणी बसणार नाही, कारण आठवण चांगली वर्षं गडद ठेवते आणि मधली पुसून टाकते. तेही बोला. सप्टेंबर २०२५ ला मराठवाड्यात पुरानं काढणीला आलेलं सोयाबीन नेलं, कितीतरी जमिनी खरवडल्या. अण्णांच्या आठवणीत सप्टेंबरचा असा पूर आणखी कधी होता? त्यांचं उत्तर खरंच ऐकायचं म्हणून विचारा. मनात निकाल तयार ठेवून विचारलंत तर त्यांना ते लगेच कळेल.

आणि "हे सगळं सूर्यामुळे होतंय, माणसाचा काय संबंध" असं ते म्हणाले तर? व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रफितींमध्ये हा मुद्दा हमखास असतो. त्यावर आकडे फेकू नका, एकच गोष्ट सांगा. सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. उपग्रहांच्या आणि फुग्यांच्या मोजणीत दिसतं ते उलट आहे: खालची हवा तापतेय आणि वरचा स्थितांबर थंड होतोय. खाली उष्णता अडवणारं पांघरूण जाड झालं की असंच होणार. ते पांघरूण जाड होताना आपण मोजलंही आहे. हवाईतल्या मौना लोआ शिखरावर १९५८ पासून कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दहा लाख कणांमागे तो ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या पुढे आहे. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात साधारण ०.७ अंशानं वाढलं, हा केंद्र सरकारच्याच पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालातला आकडा आहे. या बाबतीत अण्णा चुकत असतील तर चुकतात, आणि ते मऊ करून सांगायची गरज नाही. नाराजी नको म्हणून "दोन्ही बाजू असतात" असं म्हणू नका. तापमान वाढतंय आणि ते माणसानं जाळलेल्या इंधनामुळे वाढतंय, हे आता मताचं प्रकरण राहिलेलं नाही.

ओझोनचं उत्तर तर सोपं आहे आणि आनंदाचं आहे. अंटार्क्टिकावरचा खड्डा १९८५ ला जगासमोर आला, १९८७ ला मॉन्ट्रियलमध्ये करार झाला, फ्रिजमधले आणि फवाऱ्याच्या डब्यांतले ओझोन खाणारे वायू टप्प्याटप्प्यानं बंद झाले, आणि आता तो थर सावरतोय. "काय झालं" याचं उत्तर, लोकांनी वेळेवर ऐकलं, हे आहे.

आता स्कूटर. परळीच्या कोळशाबद्दल अण्णांनी विचारलेला प्रश्न हुशारीचा आहे, आणि त्याला हिशेबानंच उत्तर द्यावं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गाडी लिटरला पंचेचाळीस देते असं धरलं तर किलोमीटरला पन्नासएक ग्रॅम. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटमध्ये साधारण तीस किलोमीटर जाते. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी सातशे-सव्वासातशे ग्रॅम निघतो, कारण अजून बरीचशी वीज कोळशाचीच आहे. तारांमधली गळती धरून साडेआठशे म्हणा. म्हणजे किलोमीटरला अठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास. कोळशाची वीज धरूनही धूर निम्म्याच्या जवळ येतो, कारण पेट्रोलच्या इंजिनात तीन-चतुर्थांश ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया जाते आणि मोटरमध्ये फारच थोडी वाया जाते. बॅटरी बनवतानाही धूर होतोच. तीन युनिट मावतील एवढ्या बॅटरीसाठी ढोबळमानानं दोन-तीनशे किलो. दहा-बारा हजार किलोमीटर पळाली की ते फिटतं, आणि तुमच्या नवऱ्याचं जाणं-येणं पाहता ते वर्षभरात होईल. खर्चाचा हिशेब अण्णा स्वतःच करतील: पेट्रोलला किलोमीटरमागे दोन रुपयांच्या वर, आणि युनिट दहा रुपयांचं धरलं तरी विजेला तीस-पस्तीस पैसे.

परळीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट त्यांना आठवत असेल. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. कोळशाच्या विजेला पाणी लागतं आणि मराठवाड्यात तेच नसतं. घरावरच्या सोलरचा खरा मुद्दा मला तिथं दिसतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि तीन किलोवॉटमधून महिन्याला तीनशे युनिटांच्या आसपास वीज मिळते. तुमचा वापर त्याच्या निम्माही नसेल तर दोन किलोवॉट पुरेल, त्याला ६०,००० अनुदान आहे. आधी वर्षभराची बिलं काढा आणि अण्णांसमोर ठेवा.

शेतातल्या सौरपंपाचा विषय मात्र यात मिसळू नका, तो वेगळा आहे. दिवसा पाणी देता येतं, रात्री सापा-विंचवातून जावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण वीजजोडणी मागितली तरी सौरपंपच घ्या असं सांगतात, अशी अनेक शेतकऱ्यांची तक्रार आहे, आणि फुकटच्या उन्हावर उपसा वाढला तर भूजलाचं काय, हा प्रश्न कोणी नीट सोडवलेला नाही. अण्णा त्यावर काही म्हणाले तर ते विज्ञानाच्या विरोधात बोलतायत असं समजू नका. ते धोरणाबद्दल बोलत असतील, आणि त्याबद्दल बोलायचा त्यांना तुमच्याइतकाच हक्क आहे.

राहिला अमेरिकेचा मुद्दा. तुम्ही पत्रात तो शेवटी, जाता जाता लिहिलाय. माझ्या मते अण्णांच्या बोलण्यातला तोच सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. वर्षाला दर अमेरिकन माणसामागे सुमारे चौदा टन कार्बन डायऑक्साइड निघतो, भारतीय माणसामागे दोनच्या आसपास, आणि कोरडवाहू शेतकऱ्यामागे त्याहूनही कमी. जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही, हे तत्त्व १९९२ ला रिओच्या परिषदेत जगानंच मान्य केलं. २००९ ला कोपनहेगनमध्ये श्रीमंत देशांनी गरीब देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि तो आकडा गाठला २०२२ ला. २०२४ ला बाकूच्या परिषदेत ३०० अब्जांचं ठरलं, तेही २०३५ पर्यंत. भारताच्या प्रतिनिधींनी तिथंच उभं राहून ते अपुरं असल्याचं सांगितलं. म्हणजे अण्णा ओसरीवर बसून जे म्हणतायत तीच भारताची जाहीर भूमिका आहे. हे त्यांना सांगा. या मुद्द्यावर तुम्ही त्यांच्या बाजूला आहात हे त्यांना कळू द्या, कारण तुम्ही आहातच.

एक मात्र त्यांना विचारता येईल. दोष अमेरिकेचा असला तरी पूर आपल्या रानात येतो, मग आपण आपल्यासाठी काय करायचं? इथं तुम्हा दोघांना एकत्र करता येण्यासारखं एक काम आहे.

चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात, आणि ते पाहिलं जातं महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, पातळीवर. तुमच्या शिवारात ढग फुटला आणि मंडळाच्या केंद्रावर चाळीस मिलिमीटर नोंदलं गेलं, तर कागदावर तुमच्याकडे अतिवृष्टी नाही. पाऊस जितका तुकड्या-तुकड्यात पडायला लागलाय तितका हा प्रश्न वाढणार. हवामानाचं विज्ञान आणि सरकारचं धोरण शेतकऱ्याच्या बांधावर एकमेकांना भेटतात ते इथं, आणि या विषयात अण्णांचा अनुभव आणि तुमचं मोजमापाचं ज्ञान दोन्ही लागतं.

एक साधं पर्जन्यमापक आणा. झाड, भिंत, पत्र्याचं छप्पर यांच्यापासून लांब, मोकळ्या जागी बसवा. रोज सकाळी साडेआठला वाचा, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस तेव्हाच बदलतो आणि तुमचे आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतील. वाचायचं काम अण्णांकडे द्या, वही तुम्ही ठेवा. तुमच्या मंडळाचं हवामान केंद्र नेमकं कुठं आहे, चालू आहे का, त्यावर झाडाची सावली किंवा फांद्या आल्यात का, हे दोघं एकदा जाऊन पाहून या. घरच्या मापकाला सरकारी मान्यता नसते, तेव्हा त्यावर भरपाई मिळेल अशी आशा लावून घेऊ नका. पण एका पावसाळ्याची तारीखवार वही हातात असली आणि तिच्यात व मंडळाच्या आकड्यांत वारंवार मोठा फरक दिसला, तर गावातल्या दहा-वीस खातेदारांच्या सह्या घेऊन तहसीलदार आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे केंद्र तपासण्याची, गावासाठी वेगळं केंद्र बसवण्याची मागणी करता येते. ग्रामसभेचा ठरावही जोडा. अर्ज अण्णांच्या नावानं करा, गावात त्यांच्या शब्दाला वजन असेल. आकड्यांचा तक्ता तुम्ही करून द्या. दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.